हेळव्याची चोपडी: घरपोच वंशावळ, पाचपैकी चार तारे

सांगली-कोल्हापूरकडं ज्यांचं मूळ गाव आहे त्यांना हेळवी सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: ठरलेल्या घरांची वंशावळ बापजाद्यांपासून लिहीत आलेला आणि दर काही वर्षांनी दारात येऊन ती वाचून दाखवणारा माणूस म्हणजे हेळवी. ही मंडळी कर्नाटक सीमेकडची. घरात कानडी, आमच्याशी मराठी. पूर्वी बैलावर बसून घंटा वाजवत यायचे, आमच्याकडं या खेपेला आलेला मारुती व्हॅनमधनं आला. येण्याची वेळ मात्र तीच, सुगी झाल्यावर. तेव्हा घरात दाणे असतात आणि माणसंही जरा निवांत असतात.

मी पुण्यात अकाउंट्सचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासायच्या, त्यामुळं वही उघडली की आधी शाई बघायची, अक्षर कुठं बदललं ते बघायचं, ही खोड लागलेली. वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरनं भावाचा फोन आला, ‘हेळवी आलाय, उद्यापर्यंत थांबतोय, यायचं तर ये’. सुट्टी टाकली आणि गेले. पहिली तक्रार इथंच नोंदवते: आगाऊ कळवायची पद्धत नाही. फोन सगळ्यांकडं आहेत, त्याच्याकडंही आहे. तरी तो येतो तेव्हाच कळतं की आलाय.

त्याला बसवायचं सोप्यात (म्हणजे पुढच्या ओसरीत), घोंगड्यावर. पाणी, चहा, मग तो लाल फडक्यात गुंडाळलेली चोपडी सोडतो. घरातली मोठी बाई हळदी-कुंकू वाहते आणि वाचन सुरू होतं. आधी कुळी, देवक, कुलदैवत (आमचा जोतिबा), मूळ गाव. मग वरनं खाली एकेक नाव. नुसतं वाचन नाही ते. एक ठरलेली चाल आहे, प्रत्येक पिढीच्या शेवटी आवाज खाली येतो आणि पुढच्या नावाला परत चढतो. मोबाइलवर रेकॉर्ड करायला त्यानं हरकत घेतली नाही. फोटो मात्र फक्त आमच्या पानांचा काढू दिला, शेजारच्या घराचं पान उघडं पडलं तर त्यावर तळहात ठेवायचा. हे मला फार आवडलं. ऑफिसात एवढी गुप्तता पाळणारे कमी बघितलेत.

जुनी पानं मोडी लिपीत आहेत, मधली बाळबोध म्हणजे देवनागरीत, शेवटची बॉलपेननं. हा हेळवी पस्तिशीचा असेल, पण मोडी घडाघडा वाचतो. बापानं शिकवलं म्हणाला. सन क्वचित लिहिलेला. ‘मोठ्या दुष्काळात’, ‘मानमोडीत’, ‘भूकंपाच्या वर्षी’ अशा खुणा. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. माझ्या धंद्यात ही नोंद चालली नसती, पण गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला अशी तारीख सांगा, तो लगेच हिशेब लावतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घराण्याबद्दल लहानपणापासून ऐकत आलेल्या ज्या बढाया होत्या, त्या या चोपडीपुढं कितपत टिकल्या?

पहिली बढाई तलवारीची. आम्ही पटवर्धन सरदारांच्या घोडदळात होतो, म्हणून देव्हाऱ्याशेजारी गंजकी तलवार आहे आणि खंडेनवमीला तिची पूजा होते. चोपडीतली मोडी ओळ अशी: शके १७९८ च्या दुष्काळात अथणीकडून सासुरवाडीस येऊन राहिला. घोडं नाही, दळ नाही. १८७६ चा तो दुष्काळ, दख्खनभर माणसं गावं सोडून निघाली, त्यात आमचा खापरपणजोबा बायकोच्या माहेरी आला आणि तिथंच मुक्काम ठोकला. म्हणजे घरजावई. माझा चुलतभाऊ, ज्यानं गाडीच्या मागच्या काचेवर तलवारीचं स्टिकर लावलंय, एकदम गप्प झाला. आत्ती मात्र खुदकन हसली. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशीच्या पुढं, कान तिखट.

‘‘आणि ती तलवार रं?’’ भावानं विचारलं.

‘‘ती व्हय? आबानी मिरजंच्या बाजारातनं आणल्याली. कोयता घ्याला गेलं हुतं, ह्ये घिऊन आलं.’’

दुसरी बढाई प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजांना न जुमानता सातारा भागात चालवलेल्या समांतर सरकारची. आमच्या तालुक्यात ही बढाई नसलेलं घर दाखवून द्यावं. त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील आमच्याच तालुक्यातले, येडे मच्छिंद्रचे, त्यामुळं हक्कच वाटतो. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तूफान सेनेनं रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली. त्या दिवशी तिथं हजर असल्याचं ज्यांच्या ज्यांच्या नातवंडांनी मला सांगितलंय ते सगळे खरंच हजर असते, तर गाडीतल्या शिपायांना उतरायला जागा उरली नसती. आमचे आज्जाही त्यातलेच. चोपडीत त्या सुमाराची एवढीच नोंद आहे: थोरला गावात नाही. बस्स. हेळव्याचा आजा त्या वर्षी आला, थोरला दिसला नाही, त्यानं तसं लिहिलं. भूमिगत होता की आणखी कुठं, ते चोपडी सांगत नाही. आत्तीला विचारलं तर म्हणाली, ‘‘पोलीस दोनदा घरी आलं हुतं, येवढं खरं. कशापायी आलं ते आईनं कवा सांगितलं न्हाई.’’ मी याला शंकेचा फायदा दिला. घरात मात्र दोन तट पडले आणि जेवणापर्यंत भांडण चाललं.

ज्या नोंदीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती आता येते. पणजोबांच्या नावापुढं दोन बायका. पहिलीपुढं ‘लग्नाची, मानमोडीत वारली, मूल नाही’. दुसरीपुढं फक्त ‘मोहतराची’ आणि माहेरच्या गावाचं नाव. मोहतूर म्हणजे विधवेचा दुसरा घरोबा. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. सोप्यात एकदम शांतता. हेळव्यालाही कळलं, त्यानं चाल न तोडता पुढचं नाव घ्यायला सुरुवात केली होती. काकी पटकन म्हणाल्या, ‘‘हितं कायतरी चुकीचं लिवलंया.’’ अक्षर बघितलं मी. आधीच्या ओळीचंच अक्षर, तीच शाई, खाडाखोड नाही. एकाच बैठकीत लिहिलेली नोंद.

‘‘चुकीचं कशाला आसंल?’’ आत्ती म्हणाली. ‘‘ती माझी खरी आज्जी. तुमी समदी तिचीच पोरं.’’

मग तिनं जे सांगितलं ते चोपडीत कुठंच नाही. या बाईचा पहिला नवराही त्याच साथीत गेला. वर्षाच्या आत तिला इथं दिली. ती आली ती एक म्हैस घेऊन, आणि म्हैस माझ्या नावची, ही अट घालून. दूध विकून आलेला पैसा तिनं नवऱ्याच्या हातात कधी दिला नाही. मोट हाकायला गडी आला नाही तर कासोटा घालून स्वतः बैलांमागं उभी राहायची, आणि बैलांना ज्या शिव्या द्यायची त्या ऐकायला शेजारच्या मळ्यातली माणसं बांधावर येऊन बसायची. नवरा भित्रा. सावकार दारात आला की तो मागच्या दारानं पळायचा आणि ही पुढच्या दारात उभी राहायची. आत्तीनं दोन शिव्या म्हणून दाखवल्या. हेळव्यानं चोपडी मिटून तोंड फिरवून हसून घेतलं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं आहे, आणि भावाच्या मुलीनं तेवढाच तुकडा कापून घेतलाय.

अशा बाईबद्दल घरात शंभर वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही, आणि बाजारातनं आणलेल्या तलवारीला दरवर्षी झेंडूची माळ! काय म्हणावं.

पेटीवाले आज्जा हे आमच्या घरचं दुसरं प्रकरण. आज्जांचे धाकटे भाऊ. पौषात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला जनावरांचा बाजार भरतो, खिलार बैलांसाठी नावाजलेला. तिथं खोंड विकायला पाठवलं, तर हे खोंड विकून बाजाची पेटी घेऊन आले. बापानं चाबूक काढला तर यांनी भाता हलवून सूर धरला म्हणे. पुढं एका तमाशाच्या फडाबरोबर गेले, परत आले ते केस पिकवून, आणि मरेपर्यंत मारुतीच्या देवळात भजनाला पेटी धरली. ती पेटी अजून माळ्यावर आहे, भाता उंदरांनी खाल्लाय. चोपडीत त्यांच्यासाठी नाव आणि पुढं दोन शब्द: लग्न नाही. आत्तीला म्हटलं, ‘‘खरं का?’’ तर म्हणाली, ‘‘लगीन न्हाई, ह्ये खरं हाय.’’ आणि सुपारी कातरायला लागली. त्यापुढं एक अक्षर बोलली नाही.

तर सेवेचं म्हणाल तर असं: नावं, क्रम, कोण कुठनं आलं, कुणाची कितवी बायको, यात हा माणूस पक्का. आम्ही तोंडी सांगितलेल्या तीन पिढ्या त्यानं चोपडीशी ताडून बघितल्या आणि काकांच्या एका वारलेल्या मुलाचं नाव, जे घरातले विसरून गेले होते, ते त्यानं काढून दिलं. गोष्टी मात्र त्याच्याकडं नाहीत, आणि तो त्या असल्याचा आवही आणत नाही. त्यासाठी घरातली सगळ्यात म्हातारी बाई शेजारी बसवा. तिला चष्मा, पानाचा डबा आणि वेळ द्या. मध्ये बोलणाऱ्या मुलग्यांना चहा आणायला पाठवा. चोपडीतल्या एकेका ओळीवर ती जे बोलते, ते एरवी विचारून कधीच निघत नाही. मी वर्षानुवर्षं विचारत होते, ‘‘आत्ती, जुनं काहीतरी सांग की.’’ ‘‘काय सांगायचं त्यात’’ हेच उत्तर. समोर नाव वाचलं गेलं की मात्र तिला राहवत नाही.

चुलतभावाच्या मुलानं मोबाइलवर एका अॅपमध्ये आमचा वंशवृक्ष केलाय. दिसायला देखणा. पण जन्मतारखेशिवाय पुढं जाऊ देत नाही, म्हणून आमचे सगळे पूर्वज १ जानेवारीला जन्मलेत. त्याच पोरानं थुंकी पाठवून डीएनए तपासणीही केली. आम्ही दक्षिण आशियाई असल्याचं समजलं. त्याबद्दल त्यानं मोजलेल्या पैशात खिलार खोंड नाही, पण बऱ्यापैकी शेळी आली असती. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडं नामावळी असतात, आमच्या गावचीही तिथं आहे. तिथं पूर्वजांची स्वतःच्या हातची सही बघायला मिळते, हे हेळव्याकडं नाही. पण तिथं माणसं जातात ती बहुतेक अस्थी घेऊन. थट्टामस्करी करायची ती जागा नव्हे.

२०२३ पासून मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून गावात हेळव्याची वट वाढलीये. आमच्याकडं वाचन चालू असताना तिघंजण दारात येऊन ‘आमचं कवा बघतोस’ विचारून गेले. तो प्रत्येकाला एकच सांगत होता, ‘‘माझ्याकडं काय लिवलंय ते वाचतो की ओ. कचेरीत चालतंय का न्हाई, ते कचेरीला इचारा.’’ पैसे दिले की हवी ती नोंद करून देणारा हा नाही, हे मला त्यावरनं कळलं.

खर्च: रोख २,१०० रुपये, दोन पायल्या शाळू, टॉवेल-टोपी आणि त्याच्या बायकोसाठी खण. घासाघीस झाली, पण गोडीत. आकडा तो स्वतः सांगत नाही, तुमच्या तोंडून येऊ देतो आणि मग चेहरा पाडतो.

एक तारा कापलाय तो लेकींसाठी. आमच्या चोपडीत मुलगे, नातू, सुना, सुनांची माहेरं सगळं आहे. घरात जन्मलेल्या मुली नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘लेकीची नोंद तिच्या सासरच्या चोपडीत येती की, सून म्हणून.’’ मग ज्यांच्या सासरी हेळवी जातच नाही त्यांचं काय? माझं सासर नगरचं. आणि आत्ती, जिच्यामुळं आज या चोपडीला अर्थ आला, ती या घरात जन्मली याचा एक कागद नाही. बराच वाद झाला. भाऊ म्हणाला, पद्धत नाही ती कशाला काढतेस. शेवटी हेळवी समासात लिहायला तयार झाला, पण पाचशे एक वेगळे मागितले. भाऊ खिशाकडं हात नेईना. आत्तीनं कनवटीची गाठ सोडली, नोटा मोजून घोंगड्यावर ठेवल्या आणि बजावलं, ‘‘माझं लिव, हिचं लिव, हिच्या पोरीचं बी लिव. वय घालायचं न्हाई.’’