एअर सस्पेन्शनसाठी घेतलेला स्कॅनर, आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. गाडी जुनी फोर बाय फोर, चारही चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे (बेलो), त्यात हवा भरणार कॉम्प्रेसर. मॉडेल सांगत नाही, कारण हे दुखणं थोड्याफार फरकाने सगळ्यांचं सारखंच.

तर झालं असं की सकाळी बघावं तर गाडी बसलेली, स्टार्ट केली की बराच वेळ घरघर करत उठायची आणि मग दिवसभर एकदम ठीक. स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून तिचे बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, लावला तर कोड आला, हवेच्या टाकीत प्रेशर फार हळू चढतंय. मी लगेच शहाणपणा केला आणि कॉम्प्रेसर बदलला. तीन महिन्यांत तोच कोड परत. कोड खोटा नव्हता हो, प्रेशर खरंच हळू चढत होतं, पण हवा कुठूनतरी गळत असली की कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि त्याची पिस्टन रिंग झिजते, म्हणजे मी आजार सोडून तापावरच औषध देत बसलो होतो.

मग टेप घेतली. रात्री चारही चाकांच्या सेंटरपासून वर आर्चपर्यंत (चाकावरची बॉडीची कमान) मोजलं, आकडे चिकटपट्टीवर लिहून तिथेच चिकटवले. सकाळी बघतो तर चारही कोपरे सारखेच खाली! डोकंच फिरलं. नंतर कळलं की काही गाड्यांचा ईसीयू (सस्पेन्शनचा कॉम्प्युटर) गाडी बंद असतानाही मधूनमधून जागा होतो आणि एक कोपरा खाली गेला की बाकीचे तीन त्याच्या लेव्हलला आणून ठेवतो. दुसऱ्या रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला, सकाळी फक्त मागचा डावा ४ सेंटीमीटर खाली. सापडला चोर.

गळती शोधायला त्या बेलोवर साबणाचं पाणी मारलं तर नॉर्मल हाइटला काहीच दिसेना. गाडी ऑफरोड हाइटला, म्हणजे आणखी वर नेली, चेसिसखाली स्टँड लावले (नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, व्हॉल्व्ह सुटला की गाडी सरळ अंगावर), आणि बेलोचं रबर खाली जिथे दुमडतं ती घडी उघडल्यावर आतल्या बारीक भेगांतून मुंगीच्या डोक्याएवढे बुडबुडे यायला लागले, चांगले दोन मिनिटं बघत बसलो. त्या घडीत चिखल अडकतो, रेती रबर घासते. दोन्ही मागचे बेलो बदलले, दुसराही तितकाच जुना होता. सोडवायच्या आधी स्कॅनरने त्या कोपऱ्यातली हवा काढली, ही सोय मात्र झकास. हवेच्या पाइपचं टोक नव्या ब्लेडने सरळ कापा, तिरकं किंवा ओरखडा असलेलं टोक ओ-रिंगला नीट बसत नाही. आणि नवा बेलो हवा भरल्याशिवाय गाडीच्या वजनाखाली दाबायचा नाही, घडी चुकीची पडते.

कॉम्प्रेसरच्या एक्झॉस्टला पांढरी पूड दिसली म्हणून ड्रायरमधले हवेतली ओल शोषणारे दाणेही बदलले, ते भुगा झाले की ओल आणि धूळ व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (जिथून प्रत्येक कोपऱ्याला हवा सोडली जाते) जाते. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिलेही नवा टाकला, कॉन्टॅक्ट चिकटले तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि जळतो.

स्कॅनरचे पैसे खरे वसूल झाले सहाव्या महिन्यात. एका चिखलवाल्या ट्रिपनंतर गाडी चालताना मधेच खाली जायला लागली. लाइव्ह डेटा लावून प्रत्येक हाइट सेन्सरची (कोपऱ्याची उंची मोजणारा) दांडी हाताने हलवून बघितली, तीन ठिकाणी आकडा सावकाश बदलायचा, मागच्या उजव्याला उड्या मारायचा. सेन्सर बदलला, कॅलिब्रेशन केलं, म्हणजे मोजलेल्या उंचीचे आकडे स्कॅनरमधून गाडीला दिले. पण तिथे मी पुढच्या डाव्याउजव्याचे आकडे उलटे टाकले आणि या स्कॅनर पठ्ठ्याने एक शब्द न विचारता घेतले, गाडी दोन दिवस मान वाकडी करून फिरत होती. हा माझा सगळ्यात मोठा राग. केबलही आखूड आहे, बाहेर उभं राहून चाकाकडे बघत स्क्रीन बघता येत नाही, दुसऱ्या माणसाने आकडे ओरडून सांगावे लागतात.

घ्यावा का? स्वतः गाडीखाली शिरणार असाल तर घ्या. नुसते कोड वाचायला नको, त्यापेक्षा टेप आणि साबण बरे. सध्या गाडी आठवडाभर उभी राहिली तरी जागची हलत नाही, चिकटपट्ट्या मात्र अजून काढल्या नाहीत.