पाच महिने गॅस फायरप्लेस: बाकी ठीक, पण भिंतीबाहेरची ती टोपी!

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडात, मिसिसागाच्या घरात डायरेक्ट व्हेंट (धुराची नळी थेट भिंतीतून बाहेर जाणारी) गॅस फायरप्लेस बसवली. आता मार्च संपत आलाय. महिन्याभरापूर्वी लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. आता राग उतरलाय, १८९ डॉलरचा सोडून.

आधीची बी-व्हेंटची होती. तिला जळायला घरातलीच हवा लागायची आणि धूर आपला आपण छपरावाटे जायचा. जायचा, पण स्वयंपाकघरातला धूर ओढणारा हूड फुल चालू नसेल तर! आमचा हूड ६०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढणारा. एका रविवारी बांगडे तळायला घेतले, खिडक्या बंद, हूड फुल, बाहेर उणे दहा. हूडने घरातली हवा ओढून घेतली आणि तिची जागा भरायला फायरप्लेसच्या नळीतून धूर उलटा खाली आला. सीओ (कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा) अलार्म ठणाणा वाजायला लागला तर ही म्हणते, "बांगड्याचा वास लागला वाटतं त्याला." मीही शहाणा, त्याच्यासमोर पेपर हलवत उभा. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा कुठे फायरप्लेस बंद करून सगळे जॅकेट घालून बाहेर पडलो. मोनॉक्साइडला वास नसतो, हे शाळेत शिकलेलं तेव्हा आठवलं. इथून जवळच वुडस्टॉकमध्ये २००८च्या डिसेंबरात गॅस फायरप्लेसचं व्हेंट तुंबून चार जणांचं अख्खं कुटुंब गेलं होतं. ओंटारिओत सीओ अलार्म सक्तीचा करणारा २०१३चा कायदा त्यावरूनच आला.

म्हणून ही नवी. काच सीलबंद, नळीच्या पोटात नळी: आतलीतून धूर बाहेर, बाहेरचीतून ताजी हवा आत. घरातल्या हवेशी संबंधच नाही. बांगडे खुशाल तळा. वीज गेली तरी पेटते, कारण पायलटच्या, म्हणजे आत कायम जळणाऱ्या छोट्या ज्योतीच्या, उष्णतेवरच व्हॉल्व्हपुरती वीज तयार होते. २०१३च्या आइस स्टॉर्ममध्ये वीज जाऊन जे कुडकुडलेत त्यांना याची किंमत कळेल. पायलट दिवसरात्र गॅस खातो ते मात्र डोळ्यांत खुपतं.

मग आला फेब्रुवारी. फॅमिली डेच्या (इथली फेब्रुवारीतली सुट्टी) आधीच्या आठवड्यात लागोपाठ दोन वादळं. फायरप्लेस पेटायची, पाचेक मिनिटांत ज्वाळा बर्नरवरून उचलल्यासारख्या तरंगायच्या, फिकट व्हायच्या आणि फस्स. मी तीनदा पेटवली. (हे करू नका.) कंपनीला फोन केला तर "थर्मोपाइल (पायलटच्या उष्णतेवर वीज करणारा भाग) गेला असेल, माणूस पाठवतो." चार दिवसांनी माणूस आला, त्या फेरीचेच ते १८९ डॉलर. आत आलाच नाही. मागच्या डेकवर गेला, फावडं मागितलं, दोन मिनिटं बर्फ उपसला. खालून आमच्या व्हेंटची टोपी, म्हणजे नळीचं भिंतीबाहेरचं तोंड, निघाली.

बाबा साताऱ्याहून आलेत. बर्फाचं भारी अप्रूप. डेकवरचा सगळा बर्फ त्यांनी भिंतीला लावून गवताच्या गंजीसारखा रचला होता, थापून थापून. "अरे, पाय ठेवायला जागा नको का?" आता यावर काय बोलणार! बाहेर सोडलेला धूर त्या गंजीतच कोंडून हवेच्या नळीतून परत आत यायचा, प्राणवायू संपला की ज्वाळा मरायची. काच सीलबंद होती म्हणून घरात काही आलं नाही, अलार्मही गप्प राहिला. तेव्हा मशीनला दिलेल्या शिव्या परत घेतो.

पण बसवणाऱ्याला सोडणार नाही. टोपी जमिनीपासून १४ इंचांवर लावलीय. नियम १२चा आहे, म्हणजे कागदोपत्री बरोबर. पण नियम जमिनीपासून मोजतो आणि फेब्रुवारीत इथे जमीन असते कुठे? बाबा नसते तरी त्या वादळात ती बुडालीच असती. नळी वर वळवून टोपी उंच नेणारा स्नॉर्कल मिळतो, हे ऑक्टोबरात कुणी तोंडातून काढलं नाही. आता त्याचे ४२० डॉलर सांगतायत, वर परवानाधारक गॅस टेक्निशियनची मजुरी वेगळी. शिवाय फोनवर "बाहेर बर्फ साचलाय का बघा" एवढं विचारलं असतं तर माझे १८९ वाचले असते की नाही?

सध्या टोपीशेजारी नारिंगी फडकं बांधलेली काठी रोवलीय. बाबा रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी खिडकीतून ती बघतात आणि मला रिपोर्ट देतात. परताव्याचं ईमेल दोनदा पाठवलं, उत्तर नाही.