पालथं पडणाऱ्या बाळासाठी खालची गादी आणि फोम मॅट: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

बाळ पालथं पडायला लागलं की घरात पहिला विषय निघतो तो बेडला लावायच्या जाळीच्या गार्डचा. तान्ह्या बाळासाठी ते घेऊ नका. गार्डचे पट्टे गादीखाली जातात. कापसाची गादी दबते, गार्ड बाहेर सरकतं आणि मधे फट पडते. बाळ लोळत त्या फटीत गेलं तर नाक-तोंड दाबलं जातं. ही गार्ड मुळात दोन वर्षांपुढच्या, स्वतः चढउतार करणाऱ्या मुलांसाठी असतात.

त्यापेक्षा जमीन बरी. 3 बाय 6 फुटांची, 4 इंची काथ्याची घट्ट गादी आणि भोवती 12 मिमी जाडीच्या ईव्हीए फोमच्या मॅट. 2 बाय 2 फुटांचे बारा तुकडे जोडले की 6 बाय 8 ची जागा होते. गादी मधोमध टाकली की बाजूंना दीड फूट आणि डोक्या-पायाशी फूटभर मऊ जमीन राहते. गादी भिंतीला किंवा कपाटाला टेकवू नका, तिथेही फट होतेच.

गादीवर फक्त ताणून खोचलेली चादर. कडेला वाकळीची गुंडाळी, लोड, राईची उशी लावायची आपल्याकडे सवय आहे, आणि खरा धोका तिथेच आहे. बरीच बाळं साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पालथी पडतात, पण परत उताणं व्हायला पुढे कित्येक आठवडे लागतात. तोंड वाकळीत गेलं तर बाळाला ते काढता येत नाही. पालथं पडायची खटपट दिसली की दुपट्यात घट्ट बांधणं त्याच दिवशी बंद करा, हात मोकळे हवेत. गळ्यातला काळा दोराही काढा. झोपवताना वर्षभर उताणंच झोपवायचं; दोन्ही बाजूंनी वळता येणारं बाळ झोपेत आपणहून पालथं झालं तर राहू द्या.

आता मॅटबद्दल. नवीन असताना वास येतो, काही दिवस गॅलरीत सावलीत वारं लागू द्या. कडेच्या दातेरी पट्ट्या काढून ठेवा, दात शिवशिवायला लागले की बाळ त्यांचे लचके तोडतं. आकडे-अक्षरं सुटी निघणारी मॅट तर आणूच नका.

कोल्हापूरच्या पावसात खरी परीक्षा होते. जुलै-ऑगस्टमध्ये शहाबादी फरशीला ओल सुटते आणि मॅट उचलली नाही तर खालून काळी बुरशी धरते. दोन-तीन दिवसांनी सगळे तुकडे सोडवून पुसायचे, पंख्याखाली उभे करून वाळवायचे, फरशी कोरडी झाल्यावरच परत टाकायचे. हे काम कंटाळवाणं आहे. ज्यांची फरशी फारच पाझरते त्यांनी जोड नसलेली, गुंडाळायची मॅट घ्यावी. बाळाने काढलेलं दूध सांध्यांतून खाली जातं आणि मुंग्या लागतात, तो त्रासही वाचतो. मुंग्यांचा खडू मात्र जवळपासही ओढू नका, ते विष आहे.

छत्रीसारखी छोटी मच्छरदाणी या वयात बंद. लोळणारं बाळ तिच्या जाळीत तोंड खुपसतं. छताला टांगून मॅटच्या बाहेर पडेल अशी मोठी मच्छरदाणी लावा.