मायलेकींचा पहिला युरोप: ग्रुप टूर की आपली आपण आखणी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून युरोपला निघणाऱ्या मायलेकींपुढे खरे पर्याय दोनच असतात. एक तर मुंबई-पुण्याच्या मराठी कंपनीची दहा-बारा दिवसांची, पाच-सहा देशांची ग्रुप टूर. नाहीतर लेकीने घरी बसून विमान, रेल्वे आणि हॉटेलं बुक करायची आणि दोघींनीच जायचं. पहिल्यात देश जास्त, दुसऱ्यात कमी, आणि बहुतेक घरांत एवढ्यावरच निर्णय होऊन जातो. देशांची संख्या शेवटी बघावी. आधी तीन गोष्टी तपासा: आईचे गुडघे, आईचं जेवण, आणि परक्या स्टेशनवर गाडी चुकली तर लेक गोंधळेल की पुढची शोधेल.

तुलना नेमकी व्हावी म्हणून दुसऱ्या पर्यायाचा एक ठरावीक आराखडा धरू: पॅरिसमध्ये ४ रात्री, मग रेल्वेने स्वित्झर्लंड, तिथे एकाच गावात ५ रात्री, आणि झुरिकहून परत. लंडन दोन्हीकडे वगळलंय. ब्रिटनचा व्हिसा वेगळा असतो, त्यासाठी पासपोर्ट पुन्हा दुसऱ्या ठिकाणी अडकतो, आणि पहिल्याच खेपेला एवढा व्याप कशाला?

दिवस कसा जातो

ग्रुप टूरमध्ये सकाळी साडेसहाला वेक-अप कॉल, मग बॅगा लॉबीत, नाष्टा, आठला बस. हॉटेल बहुधा शहराबाहेर हायवेलगत असतं, त्यामुळे रात्री जेवून जरा पाय मोकळे करायला बाहेर पडावं तर समोर फक्त पेट्रोल पंप. बस वेळेवर सुटण्यावर टूर मॅनेजर एवढा अडून का बसतो, हेही समजून घ्या. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तासाची विश्रांती सक्तीची असते, आणि दिवसाचं चालवणं साधारण ९ तासांत संपवावं लागतं. बसमधल्या यंत्रात त्याची नोंद होते. सकाळी कुणी वीस मिनिटं उशीर केला तर ती वीस मिनिटं संध्याकाळच्या एखाद्या ठिकाणातून कापली जातात.

माहितीपत्रक वाचताना तीन शब्दांवर पेन्सिलीने खूण करा. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे खाली उतरा, फोटो काढा, पंधरा मिनिटांत बसमध्ये. ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे बहुतांश बसमधूनच बघणं. ‘प्रवेशासह’ लिहिलं असेल तरच आत जायला मिळतं. सहा देशांच्या यादीतली ‘प्रवेशासह’ ठिकाणं मोजली की टूरचा खरा आकार कळतो.

बस आहे म्हणजे चालायला लागत नाही, हा समज मात्र काढून टाका. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात टुरिस्ट बस सोडत नाहीत. व्हेनिसला बस त्रोंकेत्तोला थांबते, पुढे बोट, आणि मग पायऱ्यांचे पूल. रोममध्ये दगडी फरशीचे खडबडीत रस्ते. आणि हे सगळं तीस-चाळीस जणांच्या वेगाने. आईला मध्येच बाकावर टेकावंसं वाटलं तर गट पुढे जातो. दोघीच असाल तर बाकावर अर्धा तास बसून कॉफी घेता येते, आणि आमच्या दृष्टीने स्वतःच्या आखणीचं सगळ्यात मोठं सुख हेच.

या आखणीचं सगळ्यात मोठं दुखणं बॅगा. पॅरिसच्या मेट्रोत जुन्या मार्गांवर लिफ्ट जवळपास नाहीतच; १४ नंबरच्या लाइनवर मात्र आहेत. २३ किलोची बॅग घेऊन तीन जिने चढणं म्हणजे पहिल्याच दिवशी आईची कंबर धरणार. म्हणून विमानतळावरून हॉटेलपर्यंत टॅक्सी करा आणि पुढे शहरात फिरायला मेट्रो वापरा. प्रत्येकीला वेगळं ‘नाविगो ईझी’ कार्ड लागतं. कार्ड २ युरोचं, त्यात तिकिटं भरायची. एका कार्डावर दोघींना जाता येत नाही आणि तपासनीस दंड जागेवरच घेतात.

पॅरिस ते स्वित्झर्लंडचा टप्पा ऐकायला अवघड वाटतो, पण तो सोपा आहे. पॅरिसच्या गार द लिऑं स्टेशनवरून टीजीव्ही लिरिया ही वेगवान गाडी तीन तासांत स्वित्झर्लंडच्या बाझेलला येते. तिथे एकदा गाडी बदलली की दोन तासांत थेट इंटरलाकेन ओस्ट, म्हणजे आपल्या मुक्कामाच्या गावाचं स्टेशन. फलाट क्रमांक गाडी सुटण्याआधी साधारण वीस मिनिटंच बोर्डावर येतो आणि दारं दोन मिनिटं आधी बंद होतात. म्हणून अर्धा तास आधी पोहोचा आणि बोर्डाच्या समोरच उभ्या राहा. हमाल मिळणार नाही. प्रत्येकीची बॅग तिची तिला उचलून डब्यात चढवता आली पाहिजे. घरी जिन्यावर करून बघा; जमत नसेल तर बॅग लहान करा.

बर्फाचा डोंगर कुठला

ग्रुप टूरमध्ये युंगफ्राउयोख किंवा टिटलिस ठरलेलं असतं. युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे आणि इंटरलाकेन सुमारे ५७० वर. म्हणजे दोन-अडीच तासांत माणूस जवळजवळ तीन किलोमीटर वर जातो. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना हा आकडा सांगूनच विचारा. वर धाप लागणं, डोकं दुखणं नेहमीचं आहे. हळू चाला, पाणी प्या, तासाभराने खाली उतरा. स्वतःची आखणी असेल तर रिगी निवडता येते: उंची १७९८ मीटर, डोंगरावर चढणारी रेल्वे, खाली तळं, आणि स्विस ट्रॅव्हल पासमध्ये सगळं फुकट. युंगफ्राउयोखला पास पूर्ण चालत नाही, वरच्या टप्प्यावर फक्त सवलत मिळते. ५ रात्री म्हणजे ६ दिवस, आणि ६ दिवसांचा पास मिळतो. तो दुसऱ्या वर्गासाठी साधारण ४०० फ्रँकच्या आसपास पडतो. त्यात रेल्वे, बस आणि तळ्यातल्या बोटी येतात. लेक २५ वर्षांखालची असेल तर तिला ३० टक्के सूट, ही गोष्ट बऱ्याच जणी विसरतात.

व्हिसा: दोन्हीकडे लागतो, पण डोकेदुखी सारखी नाही

शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) फी माणशी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवा आकार. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण एप्रिल-मेसाठी अपॉइंटमेंट मिळणंच अवघड, तेव्हा फेब्रुवारीच्या पुढे ढकलू नका. अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे. आपल्या आराखड्यात तो स्वित्झर्लंड. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर निदान ३ महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विम्याची रक्कम निदान ३०,००० युरो.

ग्रुप टूरची कंपनी फाइल लावून देते. बोटांचे ठसे द्यायला मात्र स्वतःच जावं लागतं. इथे सीमाभागाची एक गंमत आहे. एखादा देश राहत्या राज्यावरून वकिलात ठरवत असेल, तर कर्नाटकात राहणारे एकीच्या कक्षेत येतात आणि महाराष्ट्रातले दुसरीच्या. म्हणजे आई चंदगडला आणि लेक बेळगावात असेल तर पन्नास किलोमीटरच्या आत दोघींच्या वकिलाती बदलू शकतात. कंपनी मुंबईची आहे म्हणून आपली फाइल मुंबईतच जाईल असं धरून चालू नका. पैसे भरण्याआधी विचारा.

स्वतः फाइल लावणार असाल तर अडतं ते आईच्या कागदांत. गृहिणी आईच्या नावावर आयटीआर नसतो. चालतं, पण मग खर्च कोण करणार त्याचं पत्र, त्या व्यक्तीचं बँक स्टेटमेंट आणि आयटीआर, आणि नात्याचा पुरावा लागतो. लग्न झालेल्या लेकीचं आडनाव वेगळं असतं, तेव्हा तिचा जन्मदाखला जोडा. निवृत्त शिक्षिका असेल तर पेन्शनचा आदेश आणि खात्यात दर महिन्याला जमा होणारी रक्कम हा उत्तम पुरावा. बँक स्टेटमेंट शिक्क्याचं हवं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक चार-पाच लाख येऊन पडले तर शंका घेतली जाते. मोडलेल्या एफडीचे पैसे असतील तर त्या एफडीचा कागद लावा.

जन्मदाखला, लग्नाचा दाखला, शेताचा आरटीसी उतारा (इथला सातबारा) आपल्याकडे कन्नडमध्ये असतात. इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घेऊन ठेवा. नावाचं स्पेलिंगही जुळवा. आधारवर कन्नडवरून उतरलेलं एक, बँकेत दुसरं, पासपोर्टवर तिसरं, हे इथे घरोघरी आहे. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि विमानाचं तिकीट काढताना तिथेच गाडी अडते. पासपोर्टच नवीन काढायचा असेल तर या दुरुस्त्या आधी करून मगच अर्ज भरा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं फुकट रद्द होणारीच घ्या आणि परतावा न मिळणारं विमान तिकीट काढू नका.

जेवण

इथे ग्रुप टूर सरळ जिंकते. रात्रीचं भारतीय जेवण ठरलेलं असतं, आणि आधी सांगितलं तर जैन जेवणही मिळतं. बेळगाव-निपाणी भागातल्या जैन घरांतल्या आया कांदा-लसणाबाबत कडक असतील तर आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला ग्रुपनेच जा. तक्रार एकच, की पनीर, डाळ, भात असा तोच-तोच बेत चौथ्या दिवशी नकोसा होतो.

दोघीच जाणार असाल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, निदान स्वित्झर्लंडमध्ये तरी. बाहेरचं साधं जेवण तिथे माणशी २०-२५ फ्रँकला पडतं. कूप आणि मिग्रो या दुकानांत तांदूळ, दही, भाज्या, ब्रेड सगळं मिळतं. फक्त रविवारी स्टेशनवरची दुकानं सोडली तर बाकी बंद, म्हणून शनिवारी खरेदी उरका. फोडणी करताना खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. मोहरी-मिरचीच्या धुराने अलार्म वाजतो आणि मग अख्खी इमारत जिन्यात जमते. फ्रान्समध्ये नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका, मांस नको आणि मासेही नकोत असं वेगळं सांगा. किश नावाच्या खाऱ्या पायमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सर्रास असतात.

बरोबर काय न्यायचं? कडक भाकरी, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, मेतकूट, थालिपीठाची भाजणी, चिवडा. कडक भाकरीला तोड नाही. पंधरा दिवस टिकते आणि ट्रेनमध्ये चटणीबरोबर पोट भरतं. कुंदा मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. तूप, पेढे, लोणीही नाही. ताजा कडीपत्ताही नाही. कस्टम्सवाल्याने पकडलं तर माल जातोच, दंडही बसू शकतो. औषधं मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

निघायचं कुठून

ग्रुप टूर बहुधा मुंबईहून सुटते. बेळगाव-मुंबईचा खर्च पॅकेजमध्ये नसतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान नाहीतर रात्रीची स्लीपर बस. दोन्ही तिकिटं वेगळी असल्यामुळे सांबऱ्याचं विमान रद्द झालं तर पुढची एअरलाइन जबाबदार नसते आणि ग्रुपही थांबत नाही. आदल्या दिवशी पोहोचा.

स्वतःच्या आखणीत बंगळुरू सोयीचं. तिथून पॅरिसला थेट विमान आहे. त्याच कंपनीचं ‘मल्टी-सिटी’ तिकीट काढलं तर परतताना झुरिकहून पॅरिसमार्गे येता येतं आणि पॅरिसला उलटं जायचा रेल्वेखर्च वाचतो. वंदे भारतने दिवसाउजेडी बंगळुरूला पोहोचता येतं, पण स्टेशन ते विमानतळ ३५ किलोमीटर आणि बंगळुरूचं ट्रॅफिक; दोन तास धरा.

पैसे

एकूण आकडा दोन्हीकडे आपल्या निवडीनुसार वर-खाली होतो. ग्रुपचा फायदा असा की खर्च आधी कळतो. मात्र टिप्स, व्हिसा, कर आणि कधीकधी युंगफ्राउयोखसुद्धा वेगळं असतं, तेव्हा ‘यात काय नाही’ हा कागद लेखी घ्या. पॅकेजवर टीसीएस (कंपनी आधीच गोळा करते तो आयकर) कापला जातो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो; म्हणून जिचा आयटीआर जातो तिच्या पॅनवर पैसे भरा. स्वतः जाताना फॉरेक्स कार्डावर युरो आणि स्विस फ्रँक वेगवेगळे भरा. दुकानातल्या मशीनने ‘रुपयात भरायचे का’ विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात भरा. रुपयात दर वाईट लागतो. हॉटेल बुक करताना ‘ट्विन’ निवडा, ‘डबल’मध्ये बहुधा एकच मोठा पलंग असतो, आणि लिफ्ट आहे का तेही बघा.

मग कुणी काय निवडावं

आई पासष्टीच्या पुढची, जेवणाबाबत कडक, आणि लेकीला रजा जेमतेम: ग्रुप टूर. फक्त बायकांच्या टूरही असतात, आणि एकट्या राहणाऱ्या आईला त्यात बरोबरीच्या मैत्रिणी मिळतात. आई दिवसाला पाच-सहा किलोमीटर सहज चालणारी, भाकरी-चटणीवर खूश, आणि लेक मोबाइलवर वाट काढणारी: दोन देश, आपली आपण. रोम-व्हेनिस बघायचंच असेल तर पुढच्या वेळेला वेगळं जा. दहा दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली तिन्ही स्वतः कोंबू नका, अर्धा वेळ बॅगा ओढण्यात जाईल. मधला मार्गही आहे: ग्रुपबरोबर जाऊन टूर संपल्यावर तीन-चार दिवस दोघींनी मागे राहायचं. त्यासाठी परतीची तारीख बुकिंगच्या वेळीच बदलून घ्या आणि व्हिसाच्या अर्जात, विम्यात तेच दिवस धरा.

हंगामाचं म्हणाल तर मे महिना सुट्टीचा, पण गर्दीचा आणि महाग. सप्टेंबर हवेच्या दृष्टीने सरस. पण २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि गणपती घरात असताना बेळगावातली कुठली आई निघणार? विसर्जनानंतरची तारीख धरा, आणि मग व्हिसाची अपॉइंटमेंट जून-जुलैतच घ्या.