ओढ्यावरचं घरगुती टर्बाइन: पावसाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

आधी आकडा सांगतो, कारण सगळे तोच विचारतात. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरवून मी घरापुरती वीज करतो. ओढ्याला चांगलं पाणी असताना बॅटरीत 110 वॅटच्या आसपास पडतात. ऐकून लोक हसतात. पण हे 110 वॅट रात्रंदिवस चालू असतात, म्हणजे चोवीस तासांत अडीच युनिटच्या वर. आमची वाडी पाटण तालुक्यात, ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला. जुलैत झड लागली की छपरावरचं सोलर नुसतं शोभेला उरतं, आणि लाइटही नेमकी तेव्हाच जाते. कोयनेचे 1960 मेगावॅट डोंगरापलीकडे, हा विनोद आता आमच्यात कुणी करतसुद्धा नाही.

मांडणी साधी आहे. आमच्या रानातल्या ओढ्यातून 63 मिलिमीटरचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप खाली आणलाय, उभा उतार 18 मीटर. उतार गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने टप्प्याटप्प्याने मोजला, पाणी वीस लिटरच्या बादलीने. बादली दहा सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला दोन लिटर. दोन गुणिले 18 गुणिले 9.81 (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा), कागदावर साडेतीनशे वॅट. त्यातले तिसऱ्या हिश्शाइतके बॅटरीत पोचले तरी घरच्या कामाला बरं म्हणायचं. पाणी परत ओढ्यातच पडतं, त्यामुळे खालच्या खाचरवाल्यांची कुरकुर नाही.

खाली नोझलमधून, म्हणजे पाइपच्या अरुंद तोंडातून, सुटलेली धार चाकावर बसते. त्या चाकाला आमटी वाढायचे स्टीलचे डाव लावलेत, दांडे कापून. कराडच्या भांडीवाल्याने एवढे डाव बघून लग्न कधी आहे ते विचारलं. जनरेटर म्हणजे ई-बाइकची जुनी हब मोटर, चाकाच्या मध्यात बसते ती. ही गिअर नसलेलीच घ्यायची. गिअरवालीत फ्रीव्हील असतं, ती बाहेरून फिरवली तर आत काहीच फिरत नाही. चाकाचा व्यास 55 सेंटिमीटर, कारण डावाचा वेग धारेच्या निम्म्याच्या आसपास राहिला तर पाण्याची ताकद नीट लागते, आणि 24 व्होल्टच्या बॅटरीला माझी मोटर मिनिटाला तीनशे फेऱ्यांच्या आसपास फिरावी लागते. डाव वेल्डिंग करू नका, मानेशी तडकतात. नटबोल्ट बरे, एखादा डाव गेला तर तेवढाच बदलता येतो.

सोलरवाल्यांना इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. पॅनल बॅटरीपासून तोडलं तर गप्प बसतं. टर्बाइन तोडलं की सुसाट सुटतं, वेग दुपटीच्या घरात जातो, व्होल्टेजही तसंच चढतं, आणि बॅटरी भरली की जोड तोडणारा साधा सोलर कंट्रोलर जळतो. म्हणून बॅटरी भरली की वीज दुसरीकडे वळवणारा कंट्रोलर लागतो. माझी जादा वीज 24 व्होल्टच्या कॉइलमधून पिंपात जाते. वीस लिटर पाणी रात्रभरात अंघोळीपुरतं होतं. कॉइल कधी गेलीच तर ट्रकचे हॅलोजन बल्ब आडोशाला जोडून ठेवलेत. घरात सगळ्यांना वीज कमी आणि ते गरम पाणीच जास्त आवडलंय.

बाकी विजेचं काम थोडं, पाल्याचं फार. पहिल्या पावसात ओढा वर्षभराचा पाचोळा घेऊन येतो. तोंडाशी जाळी उभी लावली तर तासाभरात बुजते. तिरपी लावली की पाला बराचसा वरून घसरून जातो. खेकडे मात्र कसेही आत शिरतात. खाली नोझलच्या अलीकडे दोन-तीनशे रुपयांचा प्रेशर गेज बसवलाय, सगळ्या सामानात सगळ्यात वसूल झालेली वस्तू तीच. चालू असताना काटा 1.6 बारवर (बार हे दाबाचं माप) हवा. तो खाली आला की वर जाळी बुजली, भर पावसात चढण आली. काटा 1.8 कडे गेला आणि अँपिअर मात्र पडले, तर नोझलमध्ये काहीतरी अडकलंय. ते खालीच दोन मिनिटांत निघतं. व्हॉल्व्ह मात्र सावकाश बंद करायचा, झटक्यात केला तर पाण्याचा दणका बसून जोड निखळतात.

निम्म्याहून जास्त पैसे पाइपने खाल्ले, आणि त्याच पाइपवर गवे पाय देऊन जातात. दोन ठिकाणी पुरून टाकला, बाकी देवाच्या भरवशावर. घरापर्यंत नव्वद मीटर केबल आहे, 10 स्क्वेअर मिलिमीटरची ॲल्युमिनियमची. त्यात दोनेक व्होल्ट जातात. बारा व्होल्टवर हाच खेळ केला असता तर जवळजवळ पाव वीज वाटेतच संपली असती.

दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की 12 मिलिमीटरची नोझल काढून 8 ची लावतो. नाहीतर पाइप भरून राहत नाही, हवा ओढतो आणि धार फुसफुसते. मग पन्नासेक वॅट मिळतात. दिवे, मोबाइल आणि वायफायला तेवढे पुरतात. फेब्रुवारीत ओढा आटला की मोटर काढून घरी आणायची. यंदा उघडली तेव्हा बेअरिंग गंजलेलं निघालं. या मोटरी चिखलपाण्यात फिरायला असतात, पण समोरून सतत येणाऱ्या फवाऱ्याला त्यांचं सील पुरत नाही. आता चाक आणि मोटर यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची रबरी चकती लावून बघणार आहे. कुणी याहून बरा उपाय केला असेल तर जूनच्या आत सांगा.