त्यानं मला माझीच आवड विकली : ४६ हजारांचा खोटा फेंडर

गेल्या पावसाळ्यात मी ४६ हजार रुपये मोजून खोटा फेंडर जॅझ बेस घेतला. फेंडर ही गिटारची नावाजलेली कंपनी, जॅझ बेस हे तिच्या बेस गिटारचं एक मॉडेल. चौदा वर्षं कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतोय. दिवसा उद्यमनगरात मशीन शॉपला असतो, तिथं व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातातून खाली पडत नाही. म्हणजे कान तयार होता आणि मापं घ्यायची सवयही होती. तरी फसलो. घरात हा विषय आता कुणी काढत नाही, पण सांगलीकडच्या एका वादकालाही असाच गंडा घातलाय हे कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

आधी माझ्या आवडीनिवडी सांगतो. फसवणूक तिथूनच सुरू झाली.

माझ्याकडे जुना स्क्वायर प्रिसिजन बेस होता. स्क्वायर म्हणजे फेंडरचाच स्वस्तातला भाऊ. आमचा ऑर्केस्ट्रा सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी जास्त करतो. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत बेस कोपऱ्यात गप्प बसत नाही, गायकाशी गप्पा मारतो. त्यांच्या वादकांतल्या टोनी वाझ यांचा बेस ऐकत ऐकतच मी शिकलो. बाहेरच्यांपैकी अमेरिकन बेसवादक जेम्स जेमरसन. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगवर १९६२ चा प्रिसिजन, उजव्या हाताचं एकच बोट, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. तो गोल, बुटका, लगेच विझणारा आवाज मला लागतो. म्हणून फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा, तारा जिथं अडकवतात त्या ब्रिजपाशी खाली स्पंजचा तुकडा, टोनचा नॉब निम्म्याच्या खाली. आमचा ऑक्टोपॅडवाला म्हणतो, "भावा, तुझा बेस म्हंजे गादीवर पडल्याला नारळ." मला ती तारीफच वाटते.

जॅझ बेसची हौस मात्र जुनी होती. १९५१ ला आलेला प्रिसिजन, १९६० ला आलेला जॅझ, फेंडरच्या या जोडीतला दुसरा आपल्याकडे पाहिजेच असं डोक्यात बसलेलं. त्यातून हल्ली बेसवाल्याला आधी आपली गरजच पटवावी लागते. कार्यक्रम ठरवायला आलेला माणूस सरळ म्हणतो, "कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवतोय की, तुमचं वेगळं पाकीट कशाला?" हातात फेंडर दिसला तर निदान हा प्रश्न कमी येईल, असं वाटायचं. आज लिहिताना हसू येतंय.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर जाहिरात दिसली. फेंडर जॅझ बेस, मेक्सिको, २०१२, सनबर्स्ट, ५५ हजार. फोटो मोरांचं नक्षीकाम असलेल्या निळ्या चादरीवर काढलेले. मी मेसेज टाकला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा निघाला, पहिल्या वाक्यापासून 'सर'. किमतीचं नावच काढेना. "सर, तुम्ही कुठलं म्युझिक करता? कुणाचा बेस आवडतो?" झालं. बेसवाल्याला असं कोण विचारतं? लग्नाच्या कार्यक्रमात लोक मला गिटारवाला म्हणतात आणि सोलो वाजवा म्हणतात. तीन रात्री मी त्याला जेमरसन, स्पंज, फ्लॅटवाउंड, टोनचा नॉब, सगळं सांगत बसलो. बायको म्हणाली, "अहो, कुणाशी एवढं?" मी म्हटलं, आपल्यातलाच एक आहे.

तिसऱ्या रात्री तो म्हणाला, "योगायोग बघा सर, माझ्या बेसवर पण फ्लॅटवाउंडच आहेत. तुमच्याकडंच जायचा होता." जाहिरातीतल्या फोटोत मात्र तारा राउंडवाउंड दिसत होत्या, म्हणजे गोल तारेच्या वेटोळ्यांच्या, खरबरीत. ते तेव्हाही दिसलं होतं. मीच दुर्लक्ष केलं.

टोकन म्हणून ६ हजार यूपीआयनं पाठवले. खात्यावर बाईचं नाव आलं. म्हणाला बहिणीचं आहे, माझं अकाउंट दुसऱ्या बँकेत हलवतोय. बाकी ४० हजार रोख हवेत. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण लाखाची असते, ४० हजार त्यात आरामात बसतात, हे मला माहीत होतं. पण ९ हजार उतरवून मिळाले होते आणि वस्तू हातातून जाईल ही धास्ती होती.

भेट ठरली संध्याकाळी, स्टेशनजवळच्या एका पार्किंगमध्ये. पाऊस पिरपिरत होता. "महालक्ष्मी पकडायचीय सर, उद्या मुंबईहून दुबईची फ्लाइट." तिकीट मोबाइलवर दाखवलं. माझा अँप गाडीत घेऊन येतो म्हटल्यावर म्हणाला, कशाला त्रास, माझ्याकडं आहे. त्याचा तो पिटुकला बॅटरीवरचा अँप, साडेसहा इंची स्पीकर, आत कॉम्प्रेसर आणि कोरस हे दोन इफेक्ट आधीच चालू.

इथं जरा थांबून सांगतो, कारण खरी हातचलाखी इथंच झाली. बेसची सगळ्यात जाड तार सुटी वाजवली की ४१ हर्ट्झवर हलते. एवढ्याशा स्पीकरला तो खालचा आवाज काढताच येत नाही. आपल्याला ऐकू येतात ते वरचे सूर, खालचा भाग आपला मेंदूच भरून काढतो. म्हणजे खाली काही आहे की नाही हे कळायला मार्गच नव्हता. त्यात कॉम्प्रेसर. तो कमी आवाजाला उचलतो आणि मोठ्याला दाबतो, त्यामुळे मेलेले सूर आणि जिवंत सूर एकाच उंचीचे लागतात. वर फ्लॅटवाउंड आणि स्पंज. माझी ही लाडकी जोडी वाद्याचे दोष झाकण्यात एक नंबर आहे. नेकवरची धातूची पट्टी, म्हणजे फ्रेट, घासत असेल तर फ्लॅटवाउंडवर कमी खरखरतं, सूर लांबत नसेल तर स्पंजमुळे तसाही लांबणार नसतो, तारांचं कंपन पकडणारा पिकअप मुका असेल तर आवाज 'गोल' वाटतो. मला पाहिजे तो टोन म्हणजे नेमका त्याला पाहिजे तो पडदा. हे सगळं मीच त्याला फोनवर शिकवलेलं.

दोन गाणी वाजवली. तो डोळे मिटून मान हलवत होता. "सर, बोटात जेमरसन आहे तुमच्या." माझे कान तिथंच गेले.

हाताला नेक एकदम ओळखीचा वाटला. किती आरामात बसतोय, म्हटलं. जॅझ बेसची ओळखच मुळी अरुंद नेक. नटापाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथं, दीड इंच, म्हणजे ३८.१ मिलिमीटर. माझ्या प्रिसिजनचा नट साधारण ४२. जॅझ बेस हातात घेतल्यावर प्रिसिजनवाल्याला पहिल्यांदा अवघडायला हवं, आणि मला मात्र घरी आल्यासारखं झालं. व्हर्नियर गाडीच्या डिकीत होता. तो काढला असता तर निम्म्या मिनिटात निकाल लागला असता. नंतर मोजलं तेव्हा ४१.६ भरलं.

नंबर बघितला होता हो. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, 'एमएक्स' आणि पुढं '१२', म्हणजे मेक्सिको, २०१२. बरोबर बसलं. पुढं कळलं की खोटं बनवणारे कुठल्यातरी खऱ्या वाद्याचा नंबर उचलून शंभर ठिकाणी चिकटवतात. शोधल्यावर तोच आकडा मला फेंडरच्याच एका लाल स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या फोटोत सापडला.

बिंग फुटलं गणपतीत, कागलच्या पुढं एका गावात. त्या दिवशी हौसेनं स्पंज काढलेला, कारण साउंडवाल्याकडे मोठे सब, म्हणजे खालच्या सुरांचे स्पीकर, होते आणि म्हटलं आज खालचा आवाज बघूच. साउंडचेकला दोन्ही नॉब पूर्ण उघडले आणि स्पीकरमधून म्हैस हंबरल्यासारखी गुणगुण. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचे असतात, एकच उघडला तर गुणगुण येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हल्लीच्या जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप एकमेकांना उलटे गुंडाळलेले असतात, दोन्ही पूर्ण उघडले की गुणगुण एकमेकांत विरून जाते. इथं दुप्पट झाली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ चा. एका गाण्याचा शेवटच त्या जीवर होता. त्यामुळे प्रत्येक वेळी गुणगुण आणि माझा सूर यांची भांडणं सगळ्या गावानं ऐकली. साउंडवाला ओरडला, "दाजी, केबल बदला की!" केबल नवी होती. दुसऱ्या गाण्यापर्यंत तारा उतरल्या, चौथ्यापर्यंत पुन्हा. मध्यंतरानंतर मी जुना स्क्वायर काढला. गाडीत होता, नाहीतर त्या दिवशी पाकीटही गेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात मिरजेला गेलो. सतारी-तंबोऱ्यांच्या गल्लीत एक मास्तर गिटारीही दुरुस्त करतात. त्यांनी बेस हातात घेतला, प्लग काही लावला नाही. अंगठ्याचं नख हेडस्टॉकवरच्या नावावरून फिरवलं. नख अडकलं. "स्टिकर हाय," एवढंच म्हणाले. कंपनीच्या नावावर सहसा पॉलिशचा पातळ थर असतो, नख गुळगुळीत घसरायला पाहिजे. मग नेकचे चार स्क्रू काढले. नेकच्या टाचेवर ना शिक्का, ना तारीख, नुसता पेन्सिलचा एक आकडा. नेक आणि बॉडीच्या फटीत त्यांनी माझंच व्हिजिटिंग कार्ड सरकवून दाखवलं.

नंतर नॉबची पट्टी उघडली. आत केसासारख्या वायरी, डागलेल्या टोकांवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखं शिसं, आणि नॉबखाली रेडिओत असतात तसले बारके पॉट. मीटर लावला. जॅझ बेसचा एकेक पिकअप साधारण सात-आठ किलोओहम दाखवतो. नेककडचा चारच्या आत. शेवटी त्यांनी पिकअप उचलला आणि टॉर्च आत मारला. रंग न लागलेल्या कडेला लाकडाचे थर दिसत होते, एकावर एक, बेकरीतल्या खारीच्या पदरांसारखे. प्लायवूड. या मॉडेलची बॉडी आल्डरची असते असं जाहिरातीत लिहिलेलं, आणि ते खरंही आहे. खऱ्या मॉडेलची असते.

मास्तरांनी सगळं परत बसवलं. भिंतीला टेकवलेल्या भोपळ्यांकडे बघत म्हणाले, "भोपळा घेताना पण आमी वाजवून घेतो ओ." पैसे घेतले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, पैसे गेल्या गेल्या लावला तर रक्कम पुढं जाण्याआधी अडवायची शक्यता असते. मी लावला तेव्हा दोन महिने होत आले होते. ६ हजारांची तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. रोखीच्या ४० हजारांना ना बिल ना साक्षीदार. चौकीत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गिटार मिळाली तुम्हाला?" मी म्हटलं, मिळाली, पण ती ती नाही. हे वाक्य कागदावर कसं लिहायचं यावर आम्ही दोघांनी बराच वेळ घालवला.

निदान जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवायला हवे होते. जाहिरात त्यानं त्याच रात्री काढली होती. आमच्या चॅटमधलेही त्याच्या बाजूचे बरेच मेसेज पुसलेले निघाले, माझे जेमरसनपुराण तेवढं शाबूत. तुम्ही कुणी जुनं वाद्य घेणार असाल तर स्वतःचा अँप, स्वतःची केबल आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. पट्टी उघडू द्यायला जो का-कू करतो, त्याची गाडी किती वाजताची आहे हे विचारू नका, आपली गाठा. एकेक पिकअप वेगळा वाजवा, मग दोन्ही, सगळे इफेक्ट बंद करून. स्पंज असेल तर आधी काढा. वाजवताना समोरचा तारीफ करत असेल तर त्याला चहा आणायला पाठवा.

सांगलीच्या त्या वादकाची गोष्ट मला महिन्याभरानं कळली. त्याला मार्कस मिलर या अमेरिकन बेसवादकाचा नाद आहे, अंगठ्यानं तारांवर आपटत स्लॅप वाजवतो. त्याला मिळालेला 'फेंडर' लाकडी रंगाचा, फिकट मेपलचा नेक, वर कोऱ्या करकरीत राउंडवाउंड तारा, झणझणीत. मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेससारखाच दिसणारा. पार्किंग वेगळं, अँप तोच पिटुकला. त्याचे ५१ हजार गेले. त्यालाही आधी तीन दिवस कुणी किमतीबद्दल बोललं नव्हतं.

माझ्या बेसवरच्या फ्लॅटवाउंड तारा मात्र अस्सल निघाल्या, चांगल्या कंपनीच्या. त्या काढून स्क्वायरवर चढवल्यात. बाकीचं धूड कपाटाच्या वर पडून आहे, स्टिकर खरवडून.

परवा त्याच साइटवर आणखी एक जाहिरात दिसली. प्रिसिजन बेस, मेक्सिको, काळा, ५२ हजार. खाली तीच निळी चादर, तेच मोर. ऑक्टोपॅडवाल्याच्या मोबाइलवरून मेसेज टाकला, "आहे का अजून?" दोन मिनिटांत उत्तर आलं.

"आहे सर. तुम्हाला कुणाचा बेस आवडतो?"