क्रेटा डिझेल की ग्रँड विटारा हायब्रिड, आमच्या घरचं भांडण

माझ्याकडे विटारा हायब्रिड, दादाकडे क्रेटा डिझेल, दोघंही कोथरूडला, त्यामुळे रविवारी मिसळ खाताना हाच विषय. माझं रोज हिंजवडी, म्हणजे चांदणी चौकापासूनच रांगत जायचं, आणि तिथेच हायब्रिड पैसे वाचवते राव, कारण ट्रॅफिकमधे इंजिन बरेचदा बंदच असतं, गाडी बॅटरीवर सरकते. कंपनी २७.९७ चं ॲव्हरेज सांगते, तेवढं कोण देतंय, पण मला २० च्या वर आरामात मिळतं.

दादाचं उलट. महिन्यातून दोनदा कोल्हापूर, आणि खंबाटकी घाट त्याची डिझेल अशी चढते की माझं तीन सिलिंडरचं इंजिन नुसतं ओरडत बसतं. पण १० ते २० लाखांच्या डिझेलला आपल्या महाराष्ट्रात रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त, वर डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं टेन्शन. नुसतं भाजी आणायला डिझेल फिरवली की काजळी जळतच नाही, साठत जाते. दादाच्या आधीच्या गाडीला (कंपनी विचारू नका) हेच झालेलं, बिल बघून वहिनी दोन दिवस बोलली नव्हती.

हायब्रिडच्या बॅटरीला सगळे घाबरतात पण तिची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी आहे. खरी बोंब डिकीची, बॅटरीने जागा खाल्लीये, गणपतीला गावी जाताना बॅगा मांडीवर.

रोज शहरातच फिरत असाल तर डिझेल घेऊच नका. दादा हे वाचणारे, वाचू दे.